बागेत पक्ष्यांना अंघोळीसाठी कमी खर्चात पाणवठा कसा करावा? (नाशिक)

विकतचं सिमेंटचं भांडं अजिबात घेऊ नका. कुंभाराकडून मातीचा मोठा परळ आणा, नाहीतर कुंडीखालची मातीची पसरट थाळी घ्या. एक रिकामी कुंडी पालथी घालून तिच्यावर ती ठेवली की झाला पाणवठा. खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास.

खरी गोष्ट खोलीची आहे. लोक घमेलं भरून पाणी ठेवतात आणि पक्षी येत नाहीत म्हणतात. चिमणी, बुलबुल यांना पाय टेकायला तळ लागतो. काठाशी बोटाच्या एका पेरापेक्षा कमी आणि मध्ये फार तर दोन इंच पाणी पुरे. थाळी खोल असेल तर गोदाकाठचे दोन-तीन चपटे गोटे आत ठेवा. गुळगुळीत स्टील किंवा प्लास्टिकवर पाय घसरतात, शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की ती भांडी चटका देतात. मातीचं भांडं पाझरतं, म्हणून पाणी गार राहतं.

जागा सावलीची हवी. अंग सुकवायला जवळ जास्वंद किंवा कढीपत्त्याची फांदी असावी, पण मांजर दबा धरेल अशी दाट जाळी पाच-सहा फूट लांबच बरी.

पाणी रोज बदला. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. शेवाळ काथ्याने घासा, साबण नको.

सुरुवातीला आठवडाभर कुणी फिरकणार नाही. थाळी हलवू नका, आधी साळुंक्या येतील.