चित्र फाडणारा मुलगा आणि चोवीस चिठ्ठ्या

"मॅडम, चित्र काढायला बसतो आणि जरा रेघ चुकली की पान टरकावतो. परवा अर्धी वही संपवली. याला धीरच नाही का हो?" हा प्रश्न मला फार पालक विचारतात. या वेळी विचारणाऱ्या आईशेजारी तिचा आठ वर्षांचा मुलगा नखं कुरतडत बसला होता.

मला तो अधीर वाटला नाही. मनातलं चित्र आणि कागदावर उतरलेलं चित्र यांतला फरक त्याला सोसत नव्हता. या वयात बऱ्याच मुलांची नजर हाताच्या पुढे धावते. त्यांना "छान तर आहे!" म्हटलं की उलट वाटतं, यांना चूक दिसतच नाही.

मी चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकलं. सगळ्यांत खालच्या चिठ्ठीवर बॉल काढायचा आणि तिच्यावर वरची चिठ्ठी पडू द्यायची. खालचा बॉल फिकट दिसतो. त्याच्यापासून मुगाच्या दाण्याएवढा सरकवून नवा काढायचा. मग चिठ्ठ्या भराभर सोडल्या की बॉल हलताना दिसतो; बारा चिठ्ठ्यांचा साधारण एक सेकंद होतो. आम्ही चोवीस ठरवल्या.

नवव्या चिठ्ठीवर, नेमका बॉल जमिनीला टेकला तिथे, त्याचा बटाटा झाला. मुलाचा हात फाडायला गेला. आईही पुढे वाकली, "अरे, गोल काढ ना." मी दोघांनाही थांबवलं. आधी चोवीस होऊ देत, मग हवं तर फाड.

शेवटी त्याने अंगठ्याने चिठ्ठ्या खालून वर सरसर सोडल्या. बॉल पडला, चपटला, उसळला. पुन्हा सोडल्या. तिसऱ्यांदा सोडून म्हणाला, "बटाटा हवाच होता!" खरंच हवा होता. ॲनिमेशन करणारे आपटणारा बॉल मुद्दाम चपटा काढतात.

अभ्यासाच्या वह्याही फाडतो का, रडतो का, झोप बिघडलीय का, हे मी आईला विचारून घेतलं. तसं असतं तर नुसत्या चिठ्ठ्यांवर मी थांबले नसते. तिला एवढंच सांगितलं, "पंधरा दिवस त्याच्याजवळ बसा, पण चित्रावर बोट ठेवू नका."

निघताना मुलाला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचा कोंब पडद्यावर वाढताना दाखवला.

पुढच्या भेटीला तो वाटाण्याच्या चाळीस चिठ्ठ्या घेऊन आला. त्यांतल्या दोन फाडलेल्या होत्या, आणि चिकटपट्टीने जोडून परत आपापल्या जागी लावल्या होत्या.