लोकांना बदल नको असतो, हे डोक्यातून काढून टाक

अगं, तुझा मेसेज वाचला. ऑफिसात कॉम्प्युटरची नवीन सिस्टिम चालू झाल्यापासून तू सपोर्टला बसलीयस आणि पार वैतागलीयस, "लोकांना बदलच नको असतो, सगळे जुन्यालाच चिकटून बसतात" असं लिहिलंयस. वैताग येणारच गं, दिवसभर तेच तेच प्रश्न आले की कुणाचंही डोकं उठतं. पण हे वाक्य मनात पक्कं होऊ देऊ नकोस, कारण ते एकदा पक्कं झालं की समोरचा काय सांगतोय ते ऐकूच येईनासं होतं.

आणि ते खरंही नाहीये. २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा कॉम्प्युटरच्या वाटेलाही न गेलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉल शिकून घेतला, म्यूट काढायचं, कॅमेरा फिरवायचा, सगळं. नातवंडांचं तोंड दिसणार होतं, बास, एवढं कारण पुरलं. १९८९ साली फ्रेड डेव्हिस या संशोधकाने हेच मांडलं होतं, की माणूस एखादी सिस्टिम वापरेल की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, ती आपल्या कामाची वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, आणि त्यातही कामाची वाटण्याचं पारडं त्याला जड दिसलं. आता तुमच्या सिस्टिमकडे या नजरेने बघ. साहेबांना रिपोर्ट एका क्लिकवर मिळतो, छानच आहे, पण जो माणूस माहिती भरतो त्याला आधी एका पानावर होणारं काम आता चार स्क्रीनवर करावं लागतंय. फायदा एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे, मग तो दुसरा कुरकुरला तर त्याचं काय चुकलं?

यातली एक गोष्ट तुझ्या वयात लक्षात येत नाही. सरावाचं काम हातात बसलेलं असतं, डोक्यात नसतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलमध्ये, जुने मेनू जाऊन वर बटणांची पट्टी, ती रिबन, आली तेव्हा सगळ्यात जास्त अडले ते ज्यांना मेनू तोंडपाठ होते ते, म्हणजे कामात तरबेज असलेले लोक. नवख्याला काय, त्याला दोन्ही सारखंच. काल ज्याला सगळे विचारायला यायचे तो आज स्वतःच विचारत फिरतो, हे फार लागतं गं माणसाला, आणि ते तो बोलून दाखवत नाही, तो फक्त म्हणतो "जुनंच बरं होतं". आणि अशी ओरड दर वेळी चुकीचीही नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की २०१३ मध्ये ८.१ ला बटण परत आलं आणि २०१५ ला विंडोज १० मध्ये अख्खा मेनू परत आला.

उलट बाजूही आहे, ती लपवायची नाही. जुनं कायम चालू ठेवता येतंच असं नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यानंतर त्यावरच बसून राहणं म्हणजे हॅकरना आत शिरायला नवी फट सापडली तरी ती बुजवायला कुणी नाही. अशा वेळी लोकांना खरं कारण आणि तारीख सरळ सांगायची, बहुतेक जण ऐकतात. "आता असंच आहे" एवढंच सांगितलं की अडून बसतात.

आता ती वही. तू लिहिलंयस की एक काका प्रत्येक स्टेप वहीत लिहून ठेवतात आणि त्याचा तुला राग येतो. ती वही एकदा मागून घेऊन नीट बघ. "वर उजवीकडे तीन टिंबं, मग खालून दुसरं, मग निळं बटण" असं लिहिलेलं असेल. ती वही हाच त्यांचा अभ्यास आहे, आणि अपडेट आला, तीन टिंबं डावीकडे गेली, निळं बटण हिरवं झालं, की तो अख्खा अभ्यास एका रात्रीत फुकट. आपण म्हणतो फक्त बटण हललंय. त्यामुळे वही बंद करायला लावू नकोस, उलट बाजूला बसून नवीन पान त्यांच्याच हाताने लिहून घे, आणि बटणाच्या रंगाबरोबर त्यावर लिहिलेला शब्दही लिहायला सांग, कारण रंग आणि जागा बदलतात तेवढे शब्द सहसा बदलत नाहीत.

माउस मात्र त्यांच्याच हातात राहू दे. "द्या इकडे, मी करून देते" म्हटलं की काम मिनिटात होतं आणि तोच माणूस उद्या परत येतो. आणि "अहो एकदम सोप्पंय" हे तर म्हणूच नकोस, सोपं असूनही जमत नाही म्हणजे मीच मठ्ठ, असाच अर्थ लागतो त्याचा.

काही दाबायला लोक घाबरतात, त्या भीतीचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपणच लोकांना सांगत असतो की अनोळखी लिंक दाबू नका, ओटीपी कुणाला देऊ नका, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि मग आपणच मेल पाठवतो, "या लिंकवर जाऊन आजच्या आज पासवर्ड बदला, नाहीतर अकाउंट बंद होईल". ज्याने लिंक दाबली नाही तो आपण शिकवलेलंच करत होता ना! त्याला तू अडाणी म्हणालीस तर पुढच्या वेळी तो खरोखरच्या फसवणुकीची लिंकसुद्धा मुकाट दाबेल. अशा माणसाला आधी शाबासकी दे, आणि तुमच्या टीमला सांग की असल्या मेलमध्ये लिंकच घालू नका, नेहमीच्या पत्त्यावरून आत जायला सांगा.

आणि हे वयाचं आहे असं समजू नकोस. व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या तेव्हा तक्रार करणाऱ्यांत तरुण काही कमी नव्हते, मेसेज वाचला हे समोरच्याला का कळावं म्हणून, आणि ते बंद करायची सोय द्यावी लागली. एव्हरेट रॉजर्स या संशोधकाने १९६२ मध्ये नवीन गोष्ट लवकर आणि उशिरा घेणाऱ्यांचे गट पाडले, शेवटच्या १६ टक्क्यांना मागे रेंगाळणारे म्हटलं, ते आजही जो तो सांगत असतो. पण त्याच रॉजर्सने पुढे हेही लिहिलं की एखाद्याने नवीन गोष्ट घेतली नाही की आपण त्या माणसालाच दोष देतो, व्यवस्थेत काय चुकलं ते बघत नाही. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तर सोमवारपासून एक कर, येणारा प्रत्येक प्रश्न समोरच्याच्या शब्दांत लिहून ठेव. "युजरला नेव्हिगेशन समजत नाही" असं नको, "मगाशी भरलेलं कुठे गेलं?" असं. पंधरा दिवसांनी ती यादी मला पाठव, म्हणजे त्यातलं शिकवून सुटेल असं किती आणि डेव्हलपरनेच दुरुस्त करायला हवं असं किती, ते आपण बसून वेगळं काढू.