प्रीमियम कापला गेला, पॉलिसी आली नाही: नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिन्यूअलचे पैसे भरून दहा दिवस झाले, खात्यातून गेलेही, जुनी पॉलिसी संपली, पीडीएफचा पत्ता नाही आणि डीलरकडचा माणूस ‘सिस्टिममध्ये आहे, येईल’ एवढंच म्हणतोय. कोथरूडहून हिंजवडीला रोज गाडी न्यायची, तर न्यावी का?

त्या माणसाला विचारणं बंद करा आणि विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर थेट फोन लावा. गाडीचा नंबर सांगून एकच विचारायचं: पॉलिसी नंबर पडलाय का? पडला असेल तर विमा चालू आहे, फक्त कागद तुमच्यापर्यंत आलेला नाही. नसेल पडला, तर पैसे गेले असले तरी गाडी विम्याशिवाय आहे असंच धरा आणि पार्किंगमधून काढू नका. समोरून ‘प्रपोजल नंबर’ सांगितला तर हुरळून जाऊ नका, प्रपोजल म्हणजे नुसता अर्ज. पॉलिसी नंबर मिळाला तर कव्हर कोणत्या तारखेपासून आणि किती वाजल्यापासून सुरू, हेही तिथेच विचारा आणि पॉलिसी नव्याने ईमेल करायला सांगा.

नंबर पडलाय पण कागद नाही, याचं नेहमीचं कारण फार साधं असतं. डीलर किंवा एजंट अर्जात स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी रिन्यूअलचा मेसेज त्यालाच जातो आणि गिऱ्हाईक हातचं सुटत नाही. पॉलिसी वेळेवर निघालेली असते, पडून असते त्याच्या इनबॉक्समध्ये. कंपनीला फोन कराल तेव्हा नोंदलेला मोबाइल आणि ईमेल वाचून दाखवायला सांगा, आणि तुमचे नसतील तर लगेच बदलून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पॉलिसी नंबर आणि ओटीपी टाकून पीडीएफ उतरवता येते. ओटीपीसुद्धा अर्जात नोंदलेल्याच मोबाइलवर जातो, म्हणून हा बदल आधी करायचा. कुरिअरची वाट बघत बसू नका, आता पॉलिसी मुख्यतः इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच निघते. छापील प्रत हवी असेल तर ती वेगळी मागा.

नंबरच पडला नसेल तर बहुधा पुढच्यापैकी काहीतरी अडलेलं असतं.

जुनी पॉलिसी संपल्यावर पैसे भरले असतील तर इन्स्पेक्शन, म्हणजे कंपनीने केलेली गाडीची तपासणी. पैसे घेतले जातात, मग एसएमएसवर व्हिडिओ काढायची लिंक येते, ती थोडा वेळच चालते आणि लोक जाहिरात समजून सोडून देतात. व्हिडिओ पाठवूनही तो नापास होतो, आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये काढला तर हमखास. अंधारात ओरखडे दिसत नाहीत, ट्यूबलाइटची चकाकी काचेवर येते, चासी नंबर वाचता येत नाही. गाडी पुसून उजेडात उभी करा. चारी बाजू, पुढची काच आतून आणि बाहेरून, इंजिन चालू असताना ओडोमीटर आणि चासी नंबर सावकाश घ्या. बऱ्याच गाड्यांत तो नंबर पुढच्या सीटखालच्या कार्पेटची झापड उचलल्यावर सापडतो. तिथली धूळ ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय कॅमेरा त्याला पकडत नाही. कव्हर साधारणपणे इन्स्पेक्शन पास झाल्यावरच सुरू होतं, पैसे भरल्यापासून नाही.

दुसरं केवायसी, म्हणजे ओळखपत्रांची पडताळणी. २०२३ पासून ते वाहन विम्यालाही लागतं, आणि आरसीवर एक नाव, पॅनवर दुसरं असलं की अर्ज तिथेच थांबतो. तुम्हाला कोणी कळवत नाही, विचारल्यावरच सांगतात.

तिसरं, पैसे कंपनीपर्यंत पोचलेलेच नाहीत. यूपीआयने भरताना मधेच व्यवहार तुटला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवून बँकेकडे तक्रार टाका. मात्र पैसे एजंटच्या वैयक्तिक खात्यात टाकले असतील तर गोष्ट गंभीर आहे. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही आणि एजंटने सुट्ट्या वगळून २४ तासांत रक्कम कंपनीकडे भरायची असते. पावती कंपनीची आहे का तेवढं बघा. व्हॉट्सॲपवरचा ‘डन सर’ म्हणजे पावती नव्हे.

पोलिसांनी अडवलं तर छापील कागदाचा आग्रह धरता येत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची नोंद चालते. अडचण अशी की पॉलिसी निघाली तरी ‘वाहन’ या सरकारी वाहन-नोंदणीच्या यादीत ती कधी कधी उशिरा दिसते, किंवा चासी नंबरातलं एखादं अक्षर चुकल्यामुळे दिसतच नाही. तोवर पीडीएफ फोनमध्ये असू द्या. विमाच नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरी भीती दंडाची नाही. त्या दिवशी अपघातात कोणी जखमी झालं तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

फोनवर काम झालं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला व्यवहार क्रमांक आणि पावती जोडून ईमेल करा. १४ दिवसांत मार्ग निघाला नाही तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर नोंदवा. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर नाही किंवा मिळालेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा, ते विम्याच्या तक्रारींचा निवाडा करतात. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. प्रीमियम घेऊन पॉलिसी न देणं हे त्यांच्या नियमांत तक्रारीचं स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेलं आहे. फी नाही, वकील चालत नाही.

हे सगळं चालू असताना जुनी पॉलिसी संपल्याच्या तारखेपासून ९० दिवस मोजत राहा. त्यानंतर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. उशीर कंपनीचा असेल तर तसं त्या ईमेलमध्येच तारखांसकट लिहून ठेवा.

पीडीएफ आली की आरसी शेजारी ठेवून चासी आणि इंजिन नंबर, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं कव्हर) घेतला असेल तर तो, कर्ज असेल तर बँकेचं नाव, आणि एनसीबीची टक्केवारी तपासा. चूक असेल तर एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा. गेल्या वर्षी क्लेम घेऊनही एनसीबी लावलेला दिसला तर स्वस्तात पडलं म्हणून गप्प बसू नका, फरक भरून दुरुस्त करून घ्या. क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि मग तो क्लेमच अडकतो.