खुर्ची महागाची, तरी कंबर धरतेच

‘सगळ्यांनी सांगितली तीच खुर्ची घेतली. उंच पाठीची, जाळीची. तरी दुपारनंतर कंबर धरतेच. माझ्या मणक्यातच काही बिघाड असेल का?’ घरून हिशेबाचं काम करणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी घेताना नुसती खुर्ची पाहिलेली असते, स्वतःची मापं आणि टेबल नाही.

आधी मणक्याची शंका तपासली. दुखणं कमरेपुरतंच होतं, सकाळी नसायचं, सुट्टीच्या दिवशी तर आठवणही नाही. पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या, पायातला जोर कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीच नव्हतं. असतं तर खुर्चीचा विषय बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं; ताबा सुटणं किंवा जांघेतला बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.

मग टेप काढली. ताईंची उंची १५२ सेंमी. बसल्यावर पार्श्वभागापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ४४ सेंमी, आणि खुर्चीची बैठक ४८ सेंमी खोल. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, म्हणजे यांना साधारण ४० सेंमीचीच बैठक लागते. मागे सरकल्या की बैठकीची कड पोटरीला रुतायची, म्हणून त्या दिवसभर पुढच्या कडेवर बसायच्या. कमरेचा आधार मागे हवेत. एवढी भारी पाठ, पण कंबर तिला टेकतच नव्हती!

दुसरी अडचण टेबलाची. टेबल ७४ सेंमी उंच. बसल्यावर त्यांचं कोपर बैठकीपासून २२ सेंमीवर येतं, म्हणजे खांदे न उचलता टाइप करायला बैठक ५२ सेंमीवर हवी. पण चपलेसकट पाय टेकायला बैठक ४० सेंमीवर हवी. त्यांनी खुर्ची वर घेतली होती ती हातांसाठी, आणि पाय लोंबकळत होते. अशा वेळी मांड्यांखाली दाब येतो, माणूस आणखी पुढे घसरतो. त्यात हातांचे दांडे टेबलाच्या कडेला अडून खुर्ची आत सरकू देत नव्हते. दांड्यांची ही गोष्ट दुकानात कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे समोर टेबलच नसतं.

नवी खुर्ची घ्यायला लावली नाही. पायाखाली १२ सेंमीचा घट्ट, न सरकणारा पाट. दांडे टेबलाखाली जातील इतके खाली. तेवढे उतरत नसते तर काढूनच टाकले असते. पाठीमागे ७-८ सेंमी जाडीची घट्ट उशी, तिचा फुगवटा पट्टा बांधतो त्याच्या किंचित वर. मऊ उशी इथे कामाची नाही, तासाभरात चपटी होते. बैठकीखालचा पाठ ताठ धरणारा खटका सोडला आणि पुढची गोल मूठ हलकी केली. ती इतकी घट्ट होती की त्यांच्या वजनाने पाठ मागे झुकतच नव्हती. ९० अंशात ताठ बसण्यापेक्षा १०० ते ११० अंशांवर रेललेलं बरं, तेवढं वजन कमरेवरून खुर्चीच्या पाठीवर जातं. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली आणि कीबोर्ड वेगळा जोडला. तो नसता तर मान खाली आणि पाठीला पोक, खुर्ची कोणतीही असो.

दर अर्ध्या तासाने उठणं मात्र ठेवलंच. दोन मिनिटं पुरतात. फोन आला की उभं राहायचं ठरवलं, तर गजरही लागत नाही.

यानंतरही नवी खुर्ची घ्यायचीच झाली, तर बैठक पुढे-मागे सरकते का ते आधी पाहा, आणि सर्वांत आत घेतल्यावर तिची खोली मोजा. कमरेचा आधार वर-खाली होतो का, दांडे किती खाली जातात, तेही तपासा. डोकं टेकायची उशी शेवटी पाहिली तरी चालेल. टेबलाची उंची कागदावर लिहून न्या आणि पंधरा-वीस मिनिटं बसून पाहा. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या छान वाटतात.