भारतातील टीव्ही आणि रेडिओ उद्योगाचे उत्पन्न खरोखरच घटत आहे, की पैसा फक्त दुसरीकडे वळला आहे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फिक्की ही उद्योगांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या वार्षिक अहवालांनुसार टीव्हीचे उत्पन्न 2019 मध्ये 78 हजार कोटी रुपयांच्या पुढे होते, ते 2024 मध्ये सुमारे 68 हजार कोटींवर आले आणि त्याच वर्षी डिजिटल माध्यमांनी 80 हजार कोटी गाठून टीव्हीला प्रथमच मागे टाकले. आयपीएलच्या 2023 ते 2027 या हंगामांसाठी भारतातील टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना गेले, तर डिजिटलचे 23,758 कोटींना. वारे कोणत्या दिशेला फिरले, हे त्या लिलावातच दिसले होते.

परंतु या बेरजांमधून वाटणी दिसत नाही, आणि दापोली तालुक्यातील वाड्यांमध्ये अनेक वर्षे केबलचा व्यवसाय केल्यामुळे मला त्या वाटणीबद्दलच बोलायचे आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण नियामकाची, नवी दररचना लागू झाली आणि वाहिन्यांच्या किमतीखेरीज केबल जोडणीचे मासिक शुल्क कराशिवाय जास्तीत जास्त 130 रुपये ठरले. त्या वर्षी गणपतीला आलेल्या आमच्या भावोजींनी, जे मुंबईत जाहिरातींच्या क्षेत्रात आहेत, सगळ्यांसमोर सांगितले की आता प्रत्येक घरामागे दरमहा 130 रुपये केबलवाल्याला आयतेच मिळतात. वास्तविक ग्राहक वस्तू व सेवा करासह 153 रुपये 40 पैसे भरत असे, त्यातील कर सरकारकडे जाई आणि वेगळा करार झालेला नसल्यास उरलेल्या 130 रुपयांपैकी 55 टक्के एमएसओकडे, म्हणजे ज्याच्याकडून आम्ही सिग्नल घेतो त्याच्याकडे जात. आमच्या वाट्याला 58 रुपये 50 पैसे येत. 19 रुपयांच्या एखाद्या सशुल्क वाहिनीवर वितरकांचा किमान हिस्सा 20 टक्के, आणि त्यातील आमचे 45 टक्के धरले तर 1 रुपया 71 पैसे. एवढ्यात विजेचे बिल, ॲम्प्लिफायर, वायरमनचा पगार आणि माडाची झावळी पडून तुटलेली तार जोडणे, हे सगळे बसवायचे.

त्यातच कोकणात घरे पुष्कळ असली तरी बारमाही ग्राहक थोडे. चाकरमान्यांची घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात, आणि पॅकही तेवढ्यापुरताच भरला जातो. तार मात्र बारा महिने सांभाळावी लागते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली आणि मंडणगडमध्येही विजेचे खांब आणि पोफळीच्या बागा एकत्रच भुईसपाट झाल्या. आमची तार त्याच खांबांवर होती. ती पुन्हा ओढण्याचा संपूर्ण खर्च मी केला. ना कोणत्या वाहिनीने त्यात वाटा उचलला, ना एमएसओने. वीज परत येईपर्यंत अनेक घरांनी डीडी फ्री डिशची छत्री बसवून घेतली होती. एकदाच पैसे भरून महिन्याची कटकट संपत असेल तर ग्राहकाने तसे करणे योग्यच आहे, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या हिशेबावर आहे, ज्यात वाहिनीला जाहिरातही मिळते आणि वर्गणीही, पण डोंगरातून तार नेणाऱ्याच्या हाती सुटे पैसे येतात.

रेडिओचे उत्पन्न 2019 च्या पातळीवर 2024 पर्यंतही परतले नव्हते. त्याचे एक कारण उघड आहे: खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातमीपत्राखेरीज बातम्या देण्यास मनाई आहे, मग सगळेच गाणी लावतात आणि गाणी मोबाइलवर मिळतात. आकाशवाणीला मात्र या नफ्यातोट्याच्या मापाने मोजू नये. वादळानंतर मोबाइलचे टॉवर बंद असताना सेलवरचा रेडिओच चालत होता.

आपण या उद्योगात पैसे गुंतवण्याच्या विचाराने विचारले असेल, तर कंपनीची एकूण उलाढाल पाहून थांबू नका. वर्गणीचा प्रत्येक रुपया कोणाकडे किती जातो ते आधी पाहा. आणि आपल्या घरी कोणी केबलवाल्याला लुटारू म्हणत असेल, तर त्याला वरचा हिशेब वाचून दाखवा.

वरील आकडे देशाचे आहेत, कोकणाचे नाहीत, हेही सांगायला हवे, आणि एमएसओलाही उपकरणांचा खर्च असतोच. शिवाय 130 रुपयांची ती मर्यादा ट्रायने जुलै 2024 मध्ये काढून टाकली आहे. तथापि समोर फ्री डिश विनामूल्य असताना आमच्याकडचा कोणताही केबलवाला त्या मुभेचा उपयोग करून दर वाढवू शकेल, असे मला वाटत नाही.