खडकाळ किनाऱ्याने मोटरबोटीने फिरताना रात्री मुक्काम करायचा तर नांगर किती जड घ्यावा?

बावीस फुटी बोट आहे, दोघंच असतो, जड नांगर घेतला की रात्री निवांत झोपता येईल ना, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. हेच वाक्य माझ्या मेहुण्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहायला बसलोच.

आमची बोट साधारण तुमच्याएवढीच. मेहुण्याने तिला लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा नांगर आणला होता आणि त्याचं त्याला भारी कौतुक. संध्याकाळी आम्ही कड्यांमधल्या एका चिंचोळ्या खाचेत शिरलो. ओहोटी पूर्ण लागलेली. तोंडाशी खडकांची रांग उघडी पडली होती, बाहेरची लाट तिच्यावरच फुटत होती आणि आत पाणी बशीत ओतल्यासारखं. मेहुणा खूश. मी म्हटलं, "भरतीला ही रांग बुडेल. मग लाट कोण अडवणार?" त्यावर त्याचं उत्तर, "दाजी, नांगर बघा की केवढा आहे!" बोट त्याची, म्हणून तिथेच थांबलो.

आता हिशेब बघा. खाली पाणी ४ मीटर, वर बोटीचं नाक १ मीटर, म्हणजे ५. साखळी आणि दोर मिळून २५ मीटर सोडले, पाचपट, कागदावर अगदी व्यवस्थित. पण भरतीला पाणी ३ मीटर चढणार होतं. ५ चे ८ झाले की तेच २५ मीटर जेमतेम तिपटीवर येतात. मग ओढ वरच्या दिशेने बसते, नांगराचा दांडा उचलला जातो आणि पातं तळातून सुटतं. तिथे ४० मीटर तरी सोडायला हवे होते, आणि तेवढे सोडले तर बोट वाऱ्याबरोबर फिरताना कड्यावर आपटेल, एवढीच ती जागा. म्हणजे जागाच चुकीची. नांगर आणखी दुप्पट जड केला असता तरी जागा रुंद झाली नसती. हे मी उजेड असतानाच सांगितलं होतं.

बरं, पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मी भरती येते. त्यामुळे झोपताना सगळं ठीक दिसतं आणि दोन तासांत चित्र पालटतं. तसंच झालं. आधी बोटीचा डोल बदलला, मग दोर झटके खायला लागला. मी पुढे जाऊन दोरावर तळहात ठेवला. नांगर धरून असेल तर दोर ताणतो, सैल पडतो, पुन्हा ताणतो. घसरत असेल तर हाताला बारीक थरथर लागते, मध्येच एक हिसका, परत थरथर. नुसत्या खरवडण्याच्या आवाजाने घाबरायचं नाही, साखळी खडकावर लोळली तरी तो येतो. पण संध्याकाळी मी एक सुळका आणि त्याच्यामागचा डोंगराचा खांदा एका रेषेत धरून ठेवले होते. चांदण्यात बघितलं तर सुळका बाजूला सरकलेला.

मेहुण्याला उठवलं, आधी इंजिन सुरू केलं आणि मगच नांगराला हात घातला. तर इतका वेळ घसरणारा नांगर नेमका खडकाच्या फटीत अडकून बसला! दोघांनी ओढला, हलेना. टाकताना मी त्याच्या पात्याकडच्या टोकाला एक वेगळा दोर बांधून वर पाण्यावर तरंगणारं बोयरं सोडलं होतं. "हे काय लोढणं," म्हणून मेहुणा हसला होता. त्याच दोराने उलट्या बाजूने ओढल्यावर नांगर सुटला. आत शिरताना जीपीएसवर माग नोंदवला होता, त्याच रेषेवरून बुडालेल्या खडकांना चुकवत बाहेर पडलो आणि उजाडेपर्यंत खोल पाण्यात इंजिन मंद ठेवून रात्र काढली. इंधन होतं, कारण एक भाग जायला, एक यायला आणि एक राखीव, हा माझा हट्ट. त्यावरही तो कुरकुरायचाच.

आता घरात चार लोक जमले की तो सांगतो, "जड नांगर होता म्हणून वाचलो." जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये छोट्या बोटींसाठी फाळाच्या आकाराचा नांगर बनवला, तोच मुळी कमी वजनात जास्त पकड मिळावी म्हणून. पकड पात्याच्या आकारावर, तळावर आणि सोडलेल्या लांबीवर. वजन त्यानंतर.

तेव्हा तुम्ही दुपारीच पोचा, खडकांमध्ये वाळूचा पट्टा शोधा आणि नांगर टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवत तो धरतो का ते बघा. धरला नाही तर जागा बदला. बोट जागेवरून सरकली तर वाजणारा फोनवरचा इशारा लावणार असाल तर मध्यबिंदू नांगर पडला तिथला धरा, बोटीचा नव्हे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की बोट उलटी फिरते आणि नांगरावरची ओढही उलटते, तेव्हा सगळ्या बाजूंनी मोकळं पाणी हवं.

मेहुण्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे: ओहोटीला बोयऱ्याचा दोर सैल पडून इंजिनाच्या पंख्यात जाऊ शकतो, म्हणून त्याची लांबी भरतीच्या पाण्याइतकीच ठेवा. आणि नांगर अगदी हलका असेल तर तो समुद्री गवतावरून नुसता सरकत जातो, त्यामुळे बनवणाऱ्याच्या तक्त्यात तुमच्या बोटीच्या लांबीला जो येतो त्याच्या एक नंबर वरचा घ्या. उरलेले पैसे साखळीत घाला. तुमची बोट ७ मीटरच्या आत बसते, त्यामुळे वर्दळीपासून दूर असाल तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नांगर टाकून थांबल्यावर लावायचा पांढरा दिवा तुम्हाला सक्तीचा नाही. तरीही लावा, आणि बॅटरी त्या हिशेबाने भरून न्या.