दावं किती लांब ठेवायचं?

प्रश्न : आमच्याकडं दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाई आन एक खिलार (देशी) गाय हाय, गोठा छोटा, दावणीला बांधूनच असतात. परवा रात्री एकीचा पाय दाव्यात अडकला, म्हणून दावं आखूड केलं, तर आता ती नीट बसतच नाही, गुडघे पण सुजलेत. काय करावं?

उत्तर : दावं आखूड करून तुम्ही एक दुखणं घालवलं आणि दुसरं आणलं बघा. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते आणि डोकं पुढं झोकते, समोर गव्हाणीची उंच भिंत आणि गळ्याशी आखूड दावं असलं की झोकायला जागाच नाही, मग ती गुडघ्यावर धडपडते नाहीतर उभीच राहते. दिवसाला १०-१२ तास बसायला पाहिजे तिला, बसून निवांत रवंथ केला तेव्हा दूध मिळणार. दावं एवढं हवं की डोकं जमिनीला टेकून आरामात बसता येईल, पण सैल लोंबता कामा नये, खुंट्याला कडी बसवा म्हणजे पीळ पडत नाही. आणि गाठ सुरगाठच मारा, निरगाठ नको, आग लागली, पाय अडकला तर विळा शोधत बसाल! नायलॉनचा दोर कातडीला कापतो, सुती दोर बरा. खाली कोबा असेल तर मॅट नाहीतर पाचट टाका. शक्य असेल तर दिवसा चार-सहा तास कंपाउंडात मोकळं सोडा, खिलार तर बांधून चिडतेच. गुडघ्याची सूज गरम लागली तर डॉक्टरना दाखवा.